बिनखिडकीची खोली

आम्ही दरवर्षी जहाजाने फिरायला जातो हे ऐकलं की लोक आधी माझ्या चपलांकडे बघतात, मग हातांकडे. हातांवर इस्त्रीचे डाग आहेत. मी हॉटेलांच्या चादरी इस्त्री करते, दिवसाला दोनशे-सव्वादोनशे. नवरा पावाच्या भट्टीवर रात्रपाळी करतो. अशा माणसांनी सुट्टीत मुकाट्याने घरी बसावं, फार तर नातेवाइकांकडे दोन दिवस जाऊन यावं, असं जगाने ठरवून टाकलंय. आमच्या कारखान्यातली मुकादमीण दरवर्षी विचारते, "लॉटरी लागली की काय गं?" मी दरवर्षी तिला सांगते, लागली असती तर तुझं तोंड बघायला परत आले असते का.

तर ते कसं जमतं तेही सांगून टाकते. सगळं जग सुट्टीवर असतं तेव्हा आम्ही जात नाही. शाळा चालू असताना जातो आणि पोरीच्या बाईंना पत्र लिहितो. मोठ्या फेऱ्या आपल्या नाहीत, आपली चार रात्रींची. तिकीटवाला ओळखीचा आहे, फेरी भरली नाही की सुटण्याच्या दहा दिवस आधी त्याचा फोन येतो. जेवण तिकिटात असतं, पण सरबतं आणि फोटो यांचे वेगळे पैसे. म्हणून फोटोवाला समोर आला की आम्ही चौघं एकदम पाठ फिरवतो, आता सरावाने छान जमतं. जहाज कुठे थांबलं की लोक गाड्या करून गाव बघतात, आम्ही पायी हिंडतो आणि जेवायच्या वेळेला परत येतो.

पण खरी बचत खोलीत. जहाजावर बाहेरच्या बाजूच्या खोल्यांना खिडकी असते आणि तिचे दाम मोजावे लागतात. आतल्या बाजूच्या खोल्यांना चारी बाजूंनी भिंत. दोन खाटा खाली, दोन वर, मध्ये एक माणूस उभा राहील एवढी जागा. दुसऱ्याला जायचं असेल तर पहिल्याने खाटेवर पाय घ्यायचे. पैसे अख्ख्या खोलीचे, तीन जा नाहीतर चार. नऊ वर्षांपूर्वी पहिल्यांदा गेलो तेव्हा मीच सासूबाईंना म्हणाले होते, "आई, तुम्हीही चला, नाहीतरी चौथी खाट रिकामी जाते." बोलायची एक रीत असते आणि ती मला नाही, हे मला मान्य आहे.

एवढा आटापिटा कशासाठी, तर आमच्या संसारासाठी. नवरा पहाटे सहाला घरी येतो, मी साडेसहाला निघते. संध्याकाळी मी दार वाजवते तेव्हा तो निघून अर्धा तास झालेला असतो. माझी सुट्टी रविवारी, त्याची बुधवारी, कारण पाव लोकांना रविवारीही लागतो. म्हणजे आमचं लग्न रोज अर्ध्या तासाचं, त्यातही तो पेंगत असतो आणि मी घाईत असते. मधला सगळा वेळ घर सासूबाईंच्या हातात. पोर त्यांनीच वाढवली. तिला आम्ही वकीलबाई म्हणतो, कारण अकरा वर्षांची आहे आणि अजून एकदाही पहिल्या सांगण्याला हो म्हणालेली नाही.

सासूबाई भांडत नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, मला उत्तर तरी देता आलं असतं. तिकिटाची वेळ आली की त्या दरवर्षी भाजी निवडता निवडता, वर न बघता म्हणायच्या, "खोली आतलीच घे गं." झालं, एवढंच. ते मला असं झोंबायचं की विचारू नका. मला त्यात ऐकू यायचं, तुमची ऐपत काय ते मला ठाऊक आहे, उगाच आव आणू नका. बरं, जहाजावर आल्या की दिवसभर त्या खोलीतच बसून विणायच्या. जेवायच्या हॉलमध्येही मधल्या खांबाजवळचं टेबल धरायच्या. "वर चला की आई, काय सुंदर दिसतंय," म्हटलं की "तुम्ही जा." मी मनात म्हणायचे, घ्या, चालू झाला असहकार. आणि त्यांच्या डोळ्यांसमोर त्या कोंदट खोलीत बसायची मला लाज वाटायची, म्हणून मी नवऱ्याला आणि पोरीला घेऊन दिवसभर डेकवर असायचे. खोली फक्त झोपण्यापुरती.

यंदा सासूबाईंना सत्तरावं लागलं. एक दिवस त्यांना जिन्यात कठड्याला धरून उभं राहिलेलं पाहिलं. या बाईने माझं पोर वाढवलं, माझा डबा भरला, माझ्या नवऱ्याला दिवसा झोप मिळावी म्हणून घरात पाय न वाजवता दिवस काढले, आणि मी त्यांना काय दिलं, तर रिकामी जाणारी खाट. मी ठरवलं, यंदा खिडकीची खोली. त्यांना उशीवरून समुद्र दिसला पाहिजे, उठायचंही काम नको.

सात महिने मी रविवारी कामावर गेले. टेबलक्लॉथ इस्त्री केले, ते लांबच लांब, सात-आठ हात. सासूबाईंना सांगितलं, कामगार कमी आहेत. नवऱ्याला खरं सांगितलं. तो म्हणाला, "आईला एकदा विचारून घे."

"विचारलं तर नको म्हणतील."

"मग नकोच असेल."

"तुला तुझी आई अजून कळलेली नाही," मी म्हणाले. चारचौघांत मी त्याला अहो-जाहो करते, स्वयंपाकघरात नाही.

फोन आला, तिकीट झालं. सासूबाई भाजीवर मान घालून ते नेहमीचं वाक्य बोलल्या आणि या वेळी मला झोंबलं नाही, हसूच आलं. निघायच्या दिवशी आम्ही दोनच्या सुमाराला जहाजावर चढलो. जहाज चारला सुटणार होतं. नेहमीप्रमाणे सासूबाई नातीचा हात धरून, मान खाली घालून शिडी चढल्या. नेहमीप्रमाणे त्या आतल्या बोळाकडे वळल्या, तर मी म्हटलं, "आई, इकडे." दार उघडलं आणि बाजूला झाले.

खिडकी चांगली ऐसपैस होती, पलंगाच्या उशापासून पायथ्यापर्यंत. बाहेर नुसतं पाणी, उन्हाने चकाकणारं, काचेला लागून असल्यासारखं. सासूबाईंनी एक पाऊल आत टाकलं, थांबल्या, आणि दाराची चौकट धरली.

"ही खोली आपली नाही," त्या म्हणाल्या.

"आपलीच आहे, आई."

"चुकली असेल त्यांची. आपली आतली असते."

"यंदा ही घेतली. तुमच्यासाठी."

मी दोन वाक्यं पाठ करून ठेवली होती, ती बोलायची राहूनच गेली. सासूबाई भिंतीला धरून धरून आल्या, कपाटाजवळच्या स्टुलावर बसल्या आणि तोंड भिंतीकडे केलं. समुद्राकडे पाठ, आणि माझ्याकडेही. मला दिसली ती फक्त पाठ. सात महिन्यांचे रविवार माझ्या डोक्यात चढले.

"आई, माझं काहीच तुम्हाला कधी गोड लागत नाही का?" मी म्हणाले. "नऊ वर्षं आतल्या खोलीवरून टोमणे ऐकले. आता बाहेरची घेतली तर ढुंकून बघायला तयार नाही. मी आणखी काय करायचं तेवढं सांगा, म्हणजे तेही करते."

"कसले टोमणे?" त्या भिंतीला म्हणाल्या.

"'खोली आतलीच घे.' दरवर्षी."

मग त्यांनी खाली ठेवलेली स्वतःची पिशवी उचलली. "शिडी अजून लावलेली आहे ना? मी उतरते. बसने घरी जाईन, काही अवघड नाही. तुम्ही तिघं जा, मजा करा."

नवरा दोन्ही हातांत बॅगा घेऊन दारात उभा होता. अशा वेळी नवरे जे करतात तेच तोही करत होता, म्हणजे काही नाही. मला वाटलं, उतरू देत. मग वाटलं, या उतरल्या तर संपलंच. यंदाचं जहाज तर गेलंच, पण घरी परतल्यावर आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे कशा बघणार? मी दारात आडवी उभी राहिले. सोडायचं नाही हे ठरलं होतं, पुढे काय बोलायचं ते ठरलं नव्हतं.

"आजीला पाणी बघवत नाही," वकीलबाई म्हणाल्या. त्या एव्हाना वरच्या खाटेवर चढून बसल्या होत्या.

"काय?"

"तिला भीती वाटते. शिडी चढताना आम्ही पायऱ्या मोजतो, तेव्हा ती माझ्या बुटांकडे बघते. यंदा बेचाळीस भरल्या. मला पहिलीपासून माहितीये."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"आजीने शपथ घातली होती. आणि तू विचारलंही नाहीस."

तेव्हा कुठे मी पुढे होऊन सासूबाईंचं तोंड पाहिलं. कपाळावर घाम होता, आणि ओठ पांढरे पडले होते. मी पटकन खिडकीचा पडदा ओढला. तो कसला पडदा, जाळीच ती. त्यातून पाणी आणखीच हलताना दिसायला लागलं.

आम्ही त्यांना बाहेर बोळात आणलं. तिथे त्या बॅगेवर बसल्या आणि जरा वेळाने त्यांच्या तोंडावर रंग आला. मी समोर जमिनीवर बसले. "काय झालं होतं, आई? लहानपणी कोणी बुडालं होतं का?"

"कोणी नाही."

"मग कशाची भीती?"

"तू झुरळाला भितेस ना? झुरळाने तुझं काय घोडं मारलंय?"

नवरा हसला. मी त्याच्याकडे बघितलं, तो थांबला.

"मग नऊ वर्षं आलात कशाला?"

सासूबाई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या. "पहिल्या वर्षी ही दोन वर्षांची होती. तुम्ही दोघं लग्न झाल्यापासून कधी एका वेळी झोपलात, कधी एका वेळी जागे राहिलात? म्हटलं, पोरीला मी बघते, तुम्हाला तेवढे चार दिवस मिळू देत. आतल्या खोलीत काही दिसत नाही. हलतं ते हलू दे, घरीसुद्धा माझं डोकं गरगरतंच."

"सांगायचं नाही का मला?"

"सांगितलं असतं तर तू जहाज सोडलं असतंस. नाहीतर मला."

दोन्हींपैकी काहीतरी मी नक्की केलं असतं. माझी सासू मला इतकी ओळखून होती आणि मी तिला नऊ वर्षं उलटं वाचत आले होते, याची मला भयंकर लाज वाटली. घड्याळात तीनला पाच कमी होते. मी नवऱ्याला म्हणाले, "अहो, इथून हलू नका. त्यांना हलू देऊ नका."

काउंटरवरच्या पोरीने माझं म्हणणं दोनदा ऐकलं. "खिडकीची खोली सोडून आतली हवीय?"

"हो."

"फरकाचे पैसे परत मिळत नाहीत."

"मी मागितले का?"

तिने बघितलं. आतल्या सगळ्या भरलेल्या होत्या, स्वस्त असतात ना. मग तिलाच दया आली. म्हणाली, आपसात कोणी बदलून देत असेल तर घेऊन या, मी नोंद बदलते, पण शिडी उचलायच्या आत.

मी आतल्या बोळात दारं वाजवत सुटले. पहिल्या दारात एक गृहस्थ टॉवेलवर आले. मी म्हटलं, माझी खिडकीची खोली घेता का, वर काही द्यायचं नाही. त्यांनी दार लावून घेतलं, आतून कडीचा आवाज आला. दुसऱ्या दारातल्या बाईने आवाज खाली आणून विचारलं, "कोणी गेलं का त्या खोलीत?" मी नाही म्हटलं, पण तिचा विश्वास बसला नाही. फुकट मिळणाऱ्या गोष्टीला माणसं किती घाबरतात हे मला त्या दिवशी कळलं. मीही घाबरले असते म्हणा.

चौथ्या की पाचव्या दारात एक गवंडी होता, बायको आणि दोन बहिणी बरोबर. तो म्हणाला, आधी बघतो. त्याने येऊन खिडकीची चौकट बोटांनी चाचपली, चारी कोपऱ्यांत भिंत ठोकून पाहिली, नळ सोडून पाहिला. "गळत नाही, हलत नाही," तो म्हणाला. "मग अडचण काय आहे, ताई?"

"माझ्या सासूबाईंना चालत नाही."

"असं होय." आणि त्याचं समाधान झालं, एवढं कारण त्याला पुरलं. त्याच्या बायकोने तोवर पलंगावर पर्स ठेवलीही होती. एक बहीण काचेला नाक लावून उभी होती. ज्यांच्यासाठी ती खिडकी घेतली त्यांच्या तोंडावर जो आनंद मला बघायचा होता, तो त्या अनोळखी पोरीच्या तोंडावर बघितला. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

मी परत आले तर सासूबाई उभ्या होत्या, पिशवी खांद्याला. "कशाला एवढा घोळ घालतेस? सात महिने उभी राहून कमावलेली खोली आहे ती. मी जाते, तुम्ही त्यात राहा."

"तुम्हाला माहीत होतं?"

"रविवारी कामावरून आलीस की तुझे पाय सुजलेले असायचे. कशासाठी ते माहीत नव्हतं. माहीत असतं तर त्याच दिवशी बोलले असते."

"खोली गेली ती," मी म्हटलं. "आता तिथे गवंडी राहतो. चला."

आतली खोली नेहमीसारखीच होती, चार खाटा आणि चार भिंती. सासूबाई खालच्या खाटेवर बसल्या, चप्पल काढून पाय वर घेतले आणि इतका मोठा श्वास सोडला की मला आतापर्यंतचे त्यांचे सगळे श्वास आठवायला लागले. दरवर्षी याच खाटेवर त्या असा श्वास सोडायच्या. मी तो उसासा समजायचे.

नवरा समोरच्या खाटेवर आडवा झाला आणि पाच मिनिटांत घोरायला लागला. दिवसा झोपायची त्याच्या अंगाला सवयच आहे. वकीलबाई वर पालथ्या पडून पुस्तक वाचत होत्या. चारला दहा कमी असताना भिंतीतल्या कर्ण्यातून आवाज आला, जहाज सुटतंय, सगळ्यांनी डेकवर यावं, वाजंत्री आहे, सरबत मोफत आहे. दरवर्षी त्या आवाजाला आमच्यात सगळ्यांत आधी मी पळते.

पण मला बोलायचं होतं. मी सासूबाईंच्या जवळ जाऊन उभी राहिले. "आई, एक सांगते, रागावू नका. ही आता मोठी झाली. हिला सांभाळायला कोणी लागत नाही. पुढच्या वर्षीपासून तुम्ही आला नाहीत तरी चालेल. खाट रिकामी गेली तर जाऊ दे. तुम्हाला इतका त्रास देऊन मला कुठे जायचं नाही."

त्या चादरीवरची सुरकुती हाताने सपाट करत बसल्या. मग म्हणाल्या, "येऊ नको म्हणतेस?"

"तसं नाही हो."

"पहिल्या वर्षी मी हिच्यासाठी आले. दुसऱ्या वर्षीपासून माझ्यासाठी येते." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "घरी मी दिवसभर दार उघडते आणि लावते. तो आला, तू गेलीस. तू आलीस, तो गेला. मध्ये ही शाळेत. अख्ख्या वर्षात एकदाही असं होत नाही, की मी कडी लावली आणि सगळे आत आहेत. इथे दार लावलं की चौघं आत. मग बाहेर काय आहे त्याच्याशी मला काय करायचंय?" परत चादरीवर हात फिरवत त्या म्हणाल्या, "फक्त तुम्ही लगेच वर पळता."

तक्रारीचा सूर नव्हता त्यात. आज पाणी उशिरा आलं, असं सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. मी मात्र हिशोब करत राहिले, नऊ वर्षांतले किती दिवस आणि त्यातले किती तास मी त्यांची माणसं उचलून डेकवर घेऊन गेले होते.

भोंगा वाजला. खाली कुठेतरी यंत्रं सुरू झाली आणि जमीन थरथरली. वकीलबाई खाटेवरून उतरून एका पायात बूट घालत होत्या. "आई, चल ना, सुटलं."

"काढ तो बूट," मी म्हणाले.

त्यांनी वाद घालायला तोंड उघडलं, आजीकडे बघितलं आणि मिटलं. मग बूट काढून पुन्हा वर चढल्या. मी दाराला कडी लावली आणि सासूबाईंच्या पायाशी बसले. जहाज हललं तेव्हा त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. नवरा घोरत होता. आम्ही कोणीच कुठे गेलो नाही.